ज्या गिअरला चढलास, त्याच गिअरला उतर

मागच्या वर्षी आमच्या घरून जे पेढे वाटले गेले ते एका खोट्या वेळेचे होते, हे आधीच सांगून टाकतो. खाल्लेले पेढे कुणी परत मागणार नाही, पण मनाला लागून होतं.

आमच्या संभाजीनगरजवळ, दौलताबादच्या घाटात हिवाळ्यात एक छोटी शर्यत होते. दहा किलोमीटर. किल्ल्याच्या बाजूनं निघायचं, जुन्या तटबंदीतल्या वेशीतून बाहेर पडायचं, घाट चढायचा, वर पठारावर कागजीपुऱ्याच्या आसपास वळसा घालायचा आणि आल्या वाटेनं खाली यायचं. पाच चढ, पाच उतार. पदक मिळतं, केळी मिळतात, पोहे मिळतात. शंभर-सव्वाशे लोक असतात. त्यातले निम्मे भरतीची तयारी करणारी पोरं, आणि उरलेले माझ्यासारखे, ज्यांना डॉक्टरनं कधीतरी रिपोर्ट दाखवून घाबरवलेलं आहे.

पहिल्या वर्षी मला १ तास १ मिनिट ४८ सेकंद लागले. दुसऱ्या वर्षी ५६ मिनिटं २० सेकंद. एका वर्षात साडेपाच मिनिटं! वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला असलेला माणूस आकडा बघून खरं तर आधी मोजमाप तपासतो. मी पेढे आणले.

दोन दिवसांनी पळणाऱ्यांच्या ग्रुपवर एकानं घड्याळातला नकाशा टाकला. ९.४ किलोमीटर. मग दुसऱ्यानं टाकला, तिसऱ्यानं टाकला. सगळीकडे ९.४ च्या आसपास. वळशाची पाटी ज्याच्याकडे दिली होती त्यानं ती तीनशे मीटर अलीकडेच रोवली होती. कुणी म्हणे तिथं बसायला दगड चांगला होता. संयोजकांनी उत्तर दिलं, जीपीएसमध्ये थोडाफार फरक पडतोच. पडतो की. पण तो कुणाचा कमी पडतो, कुणाचा जास्त. सगळ्यांची घड्याळं एकाच बाजूला सहाशे मीटरनं चुकली, तर चूक घड्याळांची नसते. एवढं आमच्या खात्यात नवीन लागलेल्या पोरालाही कळतं.

हिशेब केला. त्याच वेगानं राहिलेले सहाशे मीटर पळालो असतो तर ५९ मिनिटं ५६ सेकंद झाले असते. म्हणजे तासाला चार सेकंद कमी. सुधारणा होतीच, पण पेढ्यांइतकी नव्हती. आई म्हणाली, "पुढच्या टायमाला आधी मोजून घेत जा, मग हलवायाकडे जा."

ती ५६:२० मात्र डोक्यातून जाईना. ज्याच्या-त्याच्या तोंडी तीच होती. "काय, छप्पन्न मिनिटं ना तुमची?" असं कुणी विचारलं की दरवेळी पाटीची गोष्ट सांगायची, आणि सांगताना आपणच बहाणा करतोय असं वाटायचं. शेवटी ठरवलं, खोटी तर खोटी, पूर्ण दहा किलोमीटर पळून तिच्याच खाली जायचं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी अक्कल त्यांची आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं. त्यातली बरीचशी कन्नड-चाळीसगाव मार्गावर, म्हणजे औट्रम घाटात गेली. त्या घाटाचं प्रत्येक वळण त्यांना माणसासारखं ओळखू येतं. २०२१ च्या ऑगस्टअखेर तिथं दरड कोसळली, तेव्हा टीव्हीवर नुसता चिखल आणि अडकलेले ट्रक दिसत होते, तर हे खुर्चीतून उठून टीव्हीला बोट लावून सांगत होते, "हे बघ, इथं मोरी हाये, पाणी इथूनच येतं." निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. अजूनही माझ्या शेजारी कारमध्ये बसले की डावीकडच्या सीटवर उजवा पाय पुढं दाबतात. तिथं ब्रेक नाही, पण पाय दाबला जातो.

माझं पळणं त्यांना पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. "कामून पळतो रे? कुणी मागं लागलं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. उन्हाळ्यात एका रविवारी त्यांना वेरूळला घृष्णेश्वराला जायचं होतं. म्हणालो, घाटापर्यंत कारनं जाऊ, मी घाट एकदा वर-खाली पळून घेतो, मग दर्शनाला जाऊ. पहाटे निघालो. ते अर्ध्या घाटातल्या एका वळणावर कठड्याला टेकून बसले. मी खालून वर गेलो आणि वरून खाली आलो. खाली येताना त्यांच्याजवळून गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली नाही, हात केला नाही. नुसते मान वाकडी करून ऐकत होते.

परत त्यांच्याकडे आलो तर म्हणाले, "तू दिसायच्या आधी तुझा आवाज येतो. थप्प, थप्प, थप्प. ब्रेक मारून राहिला तू."

"म्हणजे?"

"प्रत्येक पावलाला ब्रेक. पाय पुढं टाकतो लांब, त्याच्यावर सगळं वजन देतो, मग गाडी थांबवतो, मग परत सोडतो. घाटात असं उतरलं तर अर्ध्या घाटात ब्रेकचं लायनर जळतं. वास यायला लागतो."

मी विचारलं, मग उतरायचं कसं? बसचालकाला उतार कसा उतरायचा हे विचारणं म्हणजे सोनाराला सोनं कसं ओळखायचं हे विचारण्यासारखं आहे. त्यांची कळीच खुलली. ज्या गिअरला चढलास, त्याच गिअरला उतर. तिसऱ्याला चढवली तर तिसऱ्यालाच उतरव. गाडी इंजिनानं धरली पाहिजे, पायानं नाही. ब्रेक फक्त वळणापुरता. न्यूट्रल मारून उतरणारे आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे, दोघंही एकाच दरीत भेटतात.

तेव्हा हसलो. घृष्णेश्वराच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा मात्र मांड्या थरथरत होत्या, आणि म्हातारा बरोबर बोलला हे कळलं.

यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. चढताना मांडीचा स्नायू आकसून शरीर वर ढकलतो. उतरताना पाय टेकतो, गुडघा वाकतो, आणि तोच स्नायू लांब होत असतानाच आवळून धरावा लागतो, नाहीतर माणूस तोंडावर पडेल. हे लांब होता होता आवळणं त्याच्या बारीक तंतूंना सोसत नाही. म्हणून दम चढावर लागतो आणि दुखतं उतारामुळे. तेही त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अण्णांचं लायनर ते हेच. लांब टाच टाकून उतरलं की दर पावलाला तो स्नायू थांबवण्याचं काम करतो. पावलं आखूड आणि भरभर टाकली, पाय शरीराच्या खालीच टेकवला, तर थांबवण्याचं काम कमी होतं. आखूड, भरभर पावलं. हाच खालचा गिअर.

एका बाबतीत मात्र माझी मांडी आणि अण्णांची बस वेगळी निघाली. लायनर वापरलं की झिजतं, नवीन टाकावंच लागतं. स्नायू एकदा उतारानं दुखवला की दोन-चार आठवडे तरी तसल्याच माऱ्याला कमी दुखतो. म्हणजे उताराचा सराव शर्यतीच्या आधी मुद्दाम करून, एकदा चांगलं दुखवून घेऊन, मग पुरेसे दिवस सोडायचे. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "असं लायनर आमच्या डेपोला मिळालं असतं तर वर्कशॉप बंद पडलं असतं."

पावसाळा सरता सरता सराव सुरू केला. आमची जागा म्हणजे विद्यापीठाचा परिसर आणि तिथून लेण्यांकडे, गोगाबाबा टेकडीच्या बाजूला जाणारे रस्ते. पहाटे साडेपाचला तिथं भरतीच्या पोरांची जत्रा असते. पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. त्यामुळे ही पोरं सोळाशे मीटर सोडून जगात दुसरं अंतर आहे हे मानत नाहीत. मी दहा किलोमीटर पळतो म्हटल्यावर एकानं विचारलं, "काका, त्याला किती मार्क?"

तोच पोरगा, बीडकडचा, पुढं माझा चढावरचा गुरू झाला. खोलीवर राहतो, मेसचा डबा खातो, आणि मोबाईलच्या वॉलपेपरवर अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा साबळे हा या पोरांचा देव आहे, आणि का नसावा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंद. केनियाचा पहिला आला तो ८ मिनिटं ११.१५ मध्ये. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात पाच शतांश सेकंद. पोरगा हे आकडे हरिपाठासारखे म्हणायचा. माझ्या सहाशे मीटरच्या दुःखावर तो नुसता हसला. "काका, तिकडं पाच शतांश गेले, तुम्ही सहाशे मीटर घेऊन बसले."

त्यानं मला एकच गोष्ट शिकवली. चढावर घड्याळात बघायचं नाही. सपाटीवर किलोमीटरला साडेपाच मिनिटं लागतात म्हणून चढावरही तेवढीच लावायला गेलं की पहिल्या वळणावर माणूस संपतो. मागच्या दोन्ही वर्षी मी तेच केलं होतं. पहिला किलोमीटर पाच मिनिटं पाच सेकंदांत, कारण बँजो वाजत असतो आणि लोक बघत असतात. तिसऱ्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून चालत, कारण आता बघायला फक्त वानरं असतात. त्याचं म्हणणं, श्वास मोजा. तीन पावलांना श्वास आत, दोनला बाहेर. हे गणित मोडलं की वेग कमी करा, मग किलोमीटरला सात मिनिटं लागोत. दम सारखा ठेवायचा, वेग कमीजास्त होऊ द्यायचा. चढ संपला की वेग आपोआप येतो, दम शिल्लक असेल तर.

अण्णांच्या भाषेत, इंजिन एका आवाजात चाललं पाहिजे. गंमत अशी की हे दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत, आणि एकच गोष्ट बोलत होते.

आठवड्याचा सराव असा काही फार नव्हता. शिफ्ट बदलत्या. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात घरी यायलाच बारा वाजतात, पहाटे उठणं होत नाही. त्या आठवड्यात दुपारी जेवायच्या आधी उन्हात चार-पाच किलोमीटर. फर्स्ट शिफ्टला संध्याकाळी. मंगळवारी किंवा बुधवारी टेकडीचा रस्ता: दीड मिनिट चढ जोरात, चालत खाली, असं आठ वेळा. नोव्हेंबरपासून त्यात उतार आला. त्याच रस्त्यावर, चालत खाली येण्याऐवजी पळत. आखूड पावलं, हात जरा बाहेर, छाती किंचित पुढं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. उतारावर शरीर आपोआप मागं रेलतं, कारण त्याला पडायची भीती असते. मागं रेललं की टाच पुढं जाते आणि टाच पुढं गेली की ब्रेक लागला.

पहिल्या दोन आठवड्यांत नडगी धरली. उत्साहात एकाच दिवशी बारा उतार केले होते. दहा दिवस पळणं बंद, आईचा ओव्याचा शेक, बायकोचे टोमणे. "आता घरातच चढउतार करा, गॅलरीतले कपडे आणा." नडगीतून उठल्यावर चार उतार, मग सहा, मग आठ. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या पंधरा दिवस आधी, थेट दौलताबादच्या घाटात. त्यानंतर फक्त हलकं पळणं.

कंपनीत एक जण आहे, ज्याला प्रत्येक गोष्टीत खोट सापडते. तो म्हणाला, "अर्धा रस्ता उतारच आहे ना, मग वेळ चांगली येणारच." त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. रस्त्यावरच्या शर्यतीत विक्रम मानायचा असेल तर जागतिक ॲथलेटिक्सचा नियम आहे: सुरुवातीपासून शेवटापर्यंतची उतरण हजाराला एकापेक्षा जास्त नको. म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर. पण आम्ही जिथून निघतो तिथंच परत येतो, उतरण शून्य. आणि चढ जेवढं घेतो तेवढं उतार परत देत नाही. हे ज्यानं सायकलवर घाट केलाय त्यालाही माहीत आहे. सावकार आणि घाट यांचा हिशेब सारखाच असतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी स्कूटर घेऊन गेलो आणि वळशाची जागा मोजून आलो. ओडोमीटरनं एकदा जाताना, एकदा येताना. वळशाला रस्त्याच्या कडेला बाभळीचं झाड होतं. त्या झाडाला लक्षात ठेवलं. बायकोला सांगितलं नाही.

रविवारी पहाटे सव्वापाचला घर सोडलं. अण्णा माकडटोपी घालून आधीच कारमध्ये बसलेले. थंडी चांगली होती, शरणापूरच्या पुढं शेतात धुकं दिसत होतं. किल्ल्याजवळ पोहोचलो तेव्हा अंधारच होता. देवगिरीचा डोंगर वर काळा, खाली दोन हॅलोजन, आणि शंभर-सव्वाशे माणसं एकाच जागी उड्या मारत. टी-शर्टवर नंबर लावायला चार पिना मिळतात. मला तीनच मिळाल्या. चौथा कोपरा शर्यतभर फडफडत राहिला.

अण्णा म्हणाले, "मी वळणावर बसतो." आणि कुणाच्या तरी बाईकवर मागं बसून निघून गेले. घाट त्यांना कुणी दाखवावा लागत नाही.

साडेसहाला सुटलो. भरतीची पोरं सोळाशे मीटरचीच शर्यत असल्यासारखी उधळली. माझ्या दोन्ही बाजूंनी लोक पुढं जात होते. त्यात साठीच्या एक बाई होत्या, त्यांनी जाताना मला "चला सर" म्हणून प्रोत्साहन दिलं. हे सहन करणं हाच पहिल्या किलोमीटरचा खरा सराव. ५:४०. गेल्या वर्षीपेक्षा पस्तीस सेकंद हळू.

वेशीपाशी रस्ता अरुंद होतो. एरवी तिथं एका वेळी एकच मोठं वाहन जातं आणि दोन्हीकडे ट्रक-बसची रांग लागते. एवढ्या पहाटे फक्त आमची पावलं आणि दगडी कमानीखाली त्यांचा घुमलेला आवाज. मी नकळत स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकायला लागलो. अण्णांची सवय लागली होती. कमानीतून बाहेर पडलं की घाट.

दुसरा किलोमीटर ६:१५, तिसरा ६:३५. हे आकडे मला नंतर घड्याळानं सांगितले, चढताना मी मनगटावर बाही ओढून ठेवली होती. तीन आत, दोन बाहेर. तिसऱ्या किलोमीटरला एका जागी गणित मोडलं, दोन आत दोन बाहेर झालं. तेव्हा पावलं इतकी आखूड केली की जवळजवळ जागच्या जागी पळतोय असं वाटलं. पण चाललो नाही. मागच्या वर्षी मी बरोबर याच ठिकाणी चालत होतो. आणि आता याच ठिकाणी बाकीचे चालत होते. मघाच्या उधळलेल्यांपैकी सात-आठ जण कमरेवर हात ठेवून. ती "चला सर" म्हणणारी बाई मात्र कुठंच दिसेना. त्या माझ्या पुढंच होत्या आणि शेवटपर्यंत पुढंच राहिल्या, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

मधल्या वळणावर कठड्यावर अण्णा. मी वर जाताना त्यांनी फक्त मान हलवली. इंजिनाचा आवाज बरा असावा.

चौथा ६:२०. मग घाट संपतो आणि पठार लागतं. एकदम वारा अंगावर येतो, आकाश मोठं होतं, पूर्वेला तांबडं फुटलेलं. दम शिल्लक होता. पोरगा म्हणाला होता तसं पाय आपोआप सुटले. पाचवा साडेपाच मिनिटांत. वळशाच्या जागी एक शाळकरी मुलगी शाल गुंडाळून खुर्चीवर बसलेली, हातात रबर बँडचा गठ्ठा. वळसा घातला याचा पुरावा म्हणून प्रत्येकाच्या मनगटात एक हिरवा रबर बँड. तिनं माझ्या हातात घातला, मी बाजूला बघितलं. बाभळीचं झाड बरोबर तिच्या मागं.

"बरोब्बर आहे!" मी म्हणालो. ती म्हणाली, "काय?" तिला सांगायला वेळ नव्हता.

तिथं बाही वर केली. ३०:२०. मनात वजाबाकी. छप्पन्न वीसमधून तीस वीस, सव्वीस मिनिटं उरली. पाच किलोमीटर, किलोमीटरला ५:१२. सपाटीवर मी कधीकधी तेवढं पळतो, पण चढ चढून झाल्यावर नाही.

सहावा ५:१४, पठारावरून घाटाच्या तोंडापर्यंत. दोन सेकंद जास्तच गेले. मग उतार.

उतारावर पहिले दोनशे मीटर शरीराशी भांडण्यात जातात. ते म्हणतं मागं रेल, मी म्हणतो पुढं. ते म्हणतं टाच टाक. एक तरुण लांब लांब ढांगा टाकत धाडधाड आवाज करत माझ्या पुढं गेला. मला त्याच्यामागं जायचा मोह झाला, आणि दहा पावलं गेलोही. थप्प, थप्प. माझाच आवाज मला ऐकू आला. पावलं आखूड केली. टप टप टप टप, पायाखाली बटाटे सांडल्यासारखी. वेग कमी झाल्यासारखा वाटतो पण होत नाही. सातवा ५:०६. पुढच्या वळणावर तो तरुण गुडघ्यावर हात ठेवून उभा होता.

मग अण्णांचं वळण आलं. या वेळी ते उभे होते. मी दिसायच्या आधी त्यांना काय ऐकू आलं माहीत नाही. मी जवळ आलो तेव्हा त्यांनी डावा हात कमरेजवळ धरून, न दिसणारा गिअर पुढं ढकलून मागं ओढल्यासारखा केला. वरचा गिअर. टाक, असं.

बत्तीस वर्षांत या माणसानं उतारावर वरचा गिअर टाकला नसेल. मी टाकला. आठवा ४:५८. हा एवढा एक किलोमीटर मी आयुष्यात पाच मिनिटांच्या आत पळालोय, आणि तो मला नीट आठवतही नाही. कठड्यावरची वानरं सरकली एवढं आठवतं. खाली किल्ल्यावर ऊन पडलं होतं. चांद मिनार दिसला. नंबराचा सुटा कोपरा छातीवर फटफट वाजत होता.

नववा ५:०२. उतार संपता संपता मांड्या बोलायला लागल्या. दहावा जवळजवळ सपाट, आणि वेशीत समोरून पहिली पर्यटकांची बस आलेली. स्वयंसेवकानं बसला थांबवलं, की मला, हे दोघांनाही कळेना. मी बसच्या आणि कमानीच्या दगडाच्या मधून अंग चोरून निघालो. ड्रायव्हरनं खिडकीतून शिवी दिली. दुसऱ्या कुणी दिली असती तर राग आला असता. ड्रायव्हरच्या जागी मला अण्णा दिसले, आणि त्यांनीही हेच म्हटलं असतं.

दहावा ५:१२. शर्यत संपते तिथल्या कमानीखालून गेलो तेव्हा वरच्या लाल आकड्यांत ५५:५८ दिसत होतं. ते बंदूक वाजल्यापासूनचं. मी मागून सुटलो होतो, त्यामुळे चिपची, म्हणजे मी स्वतः सुटल्यापासूनची वेळ ५५:५२. घड्याळात अंतर १०.०३. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि ते दोन आकडे किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक. खोट्या वेळेपेक्षा अठ्ठावीस सेकंद कमी. आणि पूर्ण दहा.

बीडचा पोरगा चोपन्न मिनिटं आधीच संपवून पोहे खात होता, असं लिहिणार होतो, पण तो इतकाही वेगवान नाही. एकोणीस मिनिटं आधी आला होता. त्यानं माझी वेळ ऐकून म्हटलं, "काका, आता सोळाशेला उतरा."

अण्णा खाली आले तेव्हा ऊन चढलं होतं. त्यांनी वेळ विचारली नाही. माझ्या मांडीवर बोटं दाबून बघितली आणि म्हणाले, "लायनर हाये अजून. थोडं." मग रस्त्याकडेच्या पेरूवाल्या बाईशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटं घासाघीस केली. पेरू खाऊन झाल्यावर, कारमध्ये बसताना विचारलं, "ते झाड बरोबर जागेवर होतं ना?"

मी बघतच राहिलो. झाडाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"शनिवारी स्कूटरचे किलोमीटर वाढले होते," ते म्हणाले. "लॉगबुक लिहायची सवय हाये आपल्याला."

सोमवारी सकाळी फर्स्ट शिफ्टला जाताना जिना उलटा उतरलो. मागच्या वर्षी तीन दिवस उलटा उतरत होतो, या वेळी एकच दिवस. मंगळवारी सरळ. पेढे या वेळी आईनंच आणले, पाव किलो, आणि आधी घड्याळ मागून घेऊन अंतर बघितलं. कंपनीतल्या खोट काढणाऱ्यानं पेढा खाल्ला आणि विचारलं, "पाटीवर विश्वास ठेवलास का या वेळी?"

तो हिरवा रबर बँड मी पदकाबरोबर टांगून ठेवणार होतो. संध्याकाळी शोधला तर सापडेना. अण्णांनी त्यांच्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्यांना गुंडाळला होता. विचारलं तर म्हणाले, "चांगला हाये. ढिला पडत नाही."